शिक्का नको, सही हवी

काका ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या एका लग्नाहून परतले ते डोक्यात नवं खूळ घेऊनच. तिथे पंगतीत शेजारी बसलेल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हॉटेल बांधायला सगळे पैसे बँकेकडेच मागायला हवेत असं नाही, ग्रीन कार्डासाठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी लोकांकडूनही ते उभे करता येतात. सोमवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आपन स्वतःचं रीजनल सेंटर काढायचं. बेटा, तू बघ काय काय लागतं ते."

काका म्हणजे माझे मालक. मूळचे नवसारीचे, पण शाळा दादरची. त्यामुळे माझ्याशी हट्टाने मराठी बोलतात. डॅलसच्या उत्तरेला त्यांची पाच मोटेल्स आहेत आणि त्यांचा हिशेब, कर्जाची कागदपत्रं, महिन्याचे रिपोर्ट हे सगळं मी बघते. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत, नोकरीवरून मिळणाऱ्या ईबी-टू गटात, माझी प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) २०१६ ची आहे, आणि त्या वेळी भारतीयांसाठी ही रांग २०१२ मध्ये अडकलेली होती. ही माहिती इथेच देऊन ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे.

तेव्हा मला ईबी-फाइव्ह म्हणजे पैसेवाल्यांचं ग्रीन कार्ड एवढंच ठाऊक होतं. वाचायला बसले. हा प्रकार १९९० च्या कायद्यातला. परदेशी माणसाने अमेरिकेत ठरावीक रक्कम गुंतवायची, तिच्यातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हायला हव्यात, मग त्याला आणि त्याच्या कुटुंबाला ग्रीन कार्ड. १९९२ मध्ये त्याला रीजनल सेंटरची जोड मिळाली. एकट्याने धंदा काढून दहा माणसं नोकरीला ठेवण्याऐवजी अनेक गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करायचे, मोठा प्रकल्प उभारायचा, आणि त्यातून आसपासच्या भागात अप्रत्यक्ष तयार होणाऱ्या नोकऱ्याही मोजायच्या. सिमेंट पुरवणाऱ्याच्या, ट्रक चालवणाऱ्याच्या, कामगार दुपारी जिथे जेवतात त्या ढाबेवाल्याच्यासुद्धा. अशा रीतीने दहातल्या नऊपर्यंत नोकऱ्या अप्रत्यक्ष चालतात. हे सगळं ज्या संस्थेच्या छत्राखाली होतं ती रीजनल सेंटर. तिला सरकारची, म्हणजे यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, आधी मान्यता लागते.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत काकांना परावृत्त करायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बहुतेक बिल्डर स्वतःचं सेंटर काढतच नाहीत. आधीच मान्यता असलेल्या एखाद्या सेंटरच्या आसऱ्याला जातात, त्याला फी देतात आणि आपला प्रकल्प त्याच्या नावाखाली दाखल करतात. धंद्यात याला सरळ 'भाड्याने घेणं' म्हणतात. काकांनी आयुष्यात कधी भाड्याच्या जागेत धंदा केलेला नाही. "भाडा देऊन देऊन माणूस भाडेकरूच राहतो," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

मग बाईंनी व्हरमाँटची गोष्ट सांगितली. तिथे जे पीक नावाच्या स्की रिसॉर्टसाठी ईबी-फाइव्हमधून ३५ कोटी डॉलरहून जास्त गोळा झाले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (आपल्या सेबीसारखी तिकडची संस्था) खटला भरला आणि त्यातले २० कोटींहून जास्त डॉलर भलतीकडे वळवल्याचा आरोप केला. आणि हे रीजनल सेंटर कोणा खाजगी माणसाचं नव्हतं, खुद्द व्हरमाँट राज्य सरकार ते चालवत होतं. अशा प्रकरणांनंतर सुधारणांची ओरड सुरू झाली, ३० जून २०२१ ला रीजनल सेंटरच्या कार्यक्रमाची मुदतच संपली, आणि साडेआठ महिने तो बंद राहिला. १५ मार्च २०२२ ला नवा कायदा आला. नाव रिफॉर्म अँड इंटेग्रिटी ॲक्ट. "त्या नावातला दुसरा शब्द नीट लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे जमीन किती, पैसा किती, हॉटेलं किती, याच्याशी त्यांना पहिल्या टप्प्यात फारसं देणंघेणं नाही. तुम्ही कोण आहात आणि लोकांच्या पैशावर कशी नजर ठेवणार, एवढंच त्यांना बघायचं असतं."

मला तेव्हा वाटलं की हे वकिली भाषण आहे. तसं नव्हतं.

अर्जाचा फॉर्म आय-९५६. त्याच्यासोबत सेंटरशी संबंधित प्रत्येक माणसाचा आय-९५६एच, म्हणजे चारित्र्याचा दाखलाच म्हणा. फॉर्म स्वतः फार मोठे नाहीत, त्यांना जोडायचं बाड मोठं. कंपनीची स्थापना आणि मालकीचे कागद, भौगोलिक क्षेत्र आणि त्याचा नकाशा, अर्थतज्ज्ञाचा अहवाल, आणि देखरेखीच्या धोरणांची पुस्तिका. चारांपैकी कुठलं सगळ्यात कठीण जाईल याची आम्ही पैज लावली होती. काका म्हणाले नकाशा, मी म्हणाले अहवाल. आम्ही दोघंही हरलो. मालकीच्या कागदांनी आमचा घाम काढला.

रीजनल सेंटरसाठी नवी कंपनी काढायची होती. काकांनी ती आपल्या नेहमीच्या पद्धतीने काढली: स्वतः चाळीस टक्के, काकी चाळीस, आणि टोरंटोच्या चुलतभावाला वीस. हा भाऊ त्यांच्या पहिल्या मोटेलपासूनचा भागीदार. १९८०च्या दशकात दोघांनी मिळून रिसेप्शनच्या मागच्या एका खोलीत संसार थाटले होते. बाईंनी मालकीचा तक्ता बघितला आणि विचारलं, "हे टोरंटोचे गृहस्थ अमेरिकन नागरिक आहेत?"

नव्हते. ते कॅनडाचे नागरिक, आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. नव्या कायद्याप्रमाणे रीजनल सेंटरमध्ये सहभागी असलेला प्रत्येक माणूस अमेरिकेचा नागरिक तरी हवा, नाहीतर कायम रहिवासी तरी. परदेशी सरकारांना तर मालकीत आणि कारभारात पूर्ण मज्जाव. म्हणजे परदेशी लोकांना इथे आणण्यासाठी जी संस्था काढायची, तिच्यात परदेशी माणूस नको. काकांना हे पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून टोरंटोला फोन केला. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तो बोलला काढ माझं नाव. पन आवाज बदलला होता त्याचा." हॉटेलच्या मुख्य कंपनीत भावाचा वाटा राहिला, सेंटरच्या कंपनीतून तो निघाला. त्याच्या जागी काकांचा मुलगा आला. तो जन्माने टेक्सासचा, आयटीत नोकरीला, आणि त्याला या सगळ्यात काडीचा रस नव्हता.

त्याच बैठकीत बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू? तुझं स्टेटस काय?"

'सहभागी' या शब्दाची कायद्यातली व्याख्या लांबलचक आहे. मालक, संचालक, व्यवस्थापक, प्रतिनिधी, विश्वस्त, एजंट, आणि शेवटी सगळ्यांना कवेत घेणारं एक कलम: सेंटरच्या कामकाजात, व्यवस्थापनात किंवा प्रचारात ज्याच्याकडे खरा अधिकार आहे असा कोणीही. म्हणजे एच-वन-बीवरची मी आकडेमोड करू शकते, मसुदे टाइप करू शकते, नकाशाला रंग भरू शकते, पण निर्णय माझा नसावा, तसा तो दिसूही नये. बाईंनी स्वच्छ सांगितलं की बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार नको, गुंतवणूकदारांशी पत्रव्यवहार नको, पुस्तिकेत नाव नको. मी हसून मान डोलावली. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मात्र ते तितकंसं हसण्यासारखं वाटलं नाही.

आय-९५६एच भरण्याचा कार्यक्रम काकांच्या डायनिंग टेबलवर झाला. काकींनी ढोकळा केला होता. प्रश्न असे: गेल्या दहा वर्षांत फसवणुकीच्या फौजदारी किंवा दिवाणी प्रकरणात दोषी ठरला आहात का? एक वर्षाहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झाली आहे का? सिक्युरिटीजच्या कायद्याखाली कुठला आदेश निघाला आहे का? पुढे मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, मानवी तस्करी, हेरगिरी. हेरगिरीला काकी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "याला घरातल्या चाव्या सापडत नाहीत, हा कसली हेरगिरी करणार!" काकांना मात्र मधेच एक जुनं भांडण आठवलं. पार्किंगच्या भिंतीवरून एका कंत्राटदाराने त्यांना काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात खेचलं होतं. फसवणुकीचा संबंध नव्हता, तडजोडीत मिटलं होतं, पण बाईंनी त्याचे कागद शोधायला लावले आणि खुलासा जोडला. लपवलेली छोटी गोष्ट ही सांगितलेल्या मोठ्या गोष्टीपेक्षा वाईट, असं त्यांचं मत. ते कागद शोधण्यात माझा आठवडा गेला.

आता नकाशा. काकांना अख्खं टेक्सास हवं होतं. "मागायचंच तर पूर्ण मागू." टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. आमचं नियोजित हॉटेल उत्तरेला, रेड रिव्हरजवळच्या एका ग्रामीण काउंटीत. कायद्याची अपेक्षा मर्यादित क्षेत्राची असते, आणि तुमच्या गुंतवणुकीचा आर्थिक परिणाम त्या क्षेत्रात खरोखर पोचतो हे दाखवावं लागतं. आमचे अर्थतज्ज्ञ निवृत्त प्राध्यापक होते, फोनवर अगदी सावकाश बोलणारे. त्यांनी मला सेन्सस ब्युरोचं 'ऑन द मॅप' उघडायला सांगितलं. कुठल्या भागात राहणारी किती माणसं कुठे कामाला जातात ते त्याच्यावर दिसतं. चार संध्याकाळी मी तेच करत होते. रेड रिव्हर ओलांडून ओक्लाहोमातली माणसं टेक्सासमध्ये कामाला येतात आणि इकडची तिकडे जातात, नदीचं त्यांना काही वाटत नाही. सांगलीची मी, कृष्णेच्या दोन्ही तीरांना सोयरीक असलेल्या घरातली, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. शेवटी दोन्ही राज्यांतल्या मिळून एकोणीस सलग काउंट्या धरल्या. सेंटरचं क्षेत्र दोन राज्यांत पसरलेलं चालतं. काकांना एकोणीस हा आकडा फारच किरकोळ वाटला.

अहवालाचं काम ऐकायला भीतिदायक, करायला मजेचं. नोकऱ्या प्रत्यक्ष मोजत नाहीत, गुणकांनी काढतात. आम्ही वाणिज्य खात्याच्या ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसचं रिम्स-टू हे मॉडेल वापरलं. तुमच्या काउंट्या कळवल्या की त्या क्षेत्रापुरते गुणक विकत मिळतात. समजा बांधकामावर दोन कोटी डॉलर खर्च होणार आणि दर दहा लाखांमागे गुणक दहा नोकऱ्यांचा निघाला. म्हणजे झाल्या दोनशे नोकऱ्या. एका गुंतवणूकदाराला दहा लागतात, म्हणून वीस गुंतवणूकदार. ग्रामीण भागात प्रत्येकाची किमान रक्कम आठ लाख डॉलर, म्हणजे उभे राहिले एक कोटी साठ लाख. (ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागाची सवलत नसेल तिथे किमान रक्कम साडेदहा लाख.) वहीच्या एका पानावर मावणारा हिशेब आहे. खरी लढाई त्या दोन कोटींमध्ये काय धरायचं यावर असते. जमिनीची किंमत धरायची नाही, कारण जमीन विकत घेतल्याने कोणाला नोकरी लागत नाही. बांधकाम दोन वर्षांच्या आत आटपणार असेल तर त्यातून निघणाऱ्या अप्रत्यक्ष नोकऱ्यांवर गरजेचा ७५ टक्के भागच भागवता येतो. हॉटेलच्या खाली दुकानं काढली तर त्या भाडेकरूंचे नोकर आपल्या खात्यात मोजू का, असं मी विचारलं. प्राध्यापक म्हणाले, तो हिशेब २०१८ मध्येच बंद झाला.

या टप्प्यावर प्रत्यक्ष प्रकल्पाचा सगळा तपशील द्यावा लागत नाही, तो पुढच्या फॉर्मात, आय-९५६एफमध्ये येतो. जागा ग्रामीण आहे की नाही हेही तिथेच ठरतं, आणि ते आता फक्त यूएससीआयएस ठरवते. जास्त बेकारीचे भाग मात्र पूर्वी राज्यं ठरवायची. तेव्हा तसा भाग दाखवण्यासाठी सेन्सस ट्रॅक्टची, म्हणजे जनगणनेच्या छोट्या विभागांची, सापासारखी रांग जोडून श्रीमंत वस्तीतला टॉवरही गरीब भागात बसवला जायचा. तसे जुने नकाशे प्राध्यापकांनी मला पाठवले होते. बघून मला आपल्याकडच्या वॉर्डरचनेची आठवण झाली, एवढंच म्हणते.

सगळं आरामात चाललं होतं. मग ३१ जानेवारी २०२४ ला नवे फी-दर जाहीर झाले. आय-९५६ ची फी तोवर १७,७९५ डॉलर होती. १ एप्रिलपासून ४७,६९५. फरक २९,९०० डॉलरचा. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३१ मार्चला लाल वर्तुळ काढलं आणि पुढचे दोन महिने ऑफिसात दुसरं काही झालं नाही. मी मोटेल्सचे महिन्याचे रिपोर्ट रात्री घरी करायची. देखरेखीची पुस्तिका बाईंच्या नमुन्यावरून घाईघाईत तयार झाली. घाई कुठे झाली ते पुढे कळलंच. २६ मार्चला खोकं कुरिअरने गेलं. काकांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तेच खोकं परत आलं. वर एक कागद: अर्ज नाकारला, सही ग्राह्य नाही.

काकांचा उजवा हात गेली काही वर्षं थरथरतो. मोटेलच्या शेकडो कागदांवर सही करण्याचा ताप नको म्हणून त्यांनी सहीचा रबरी शिक्का करून घेतला होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आय-९५६ वर तो उमटवला होता. आय-९५६एचवर त्यांनी माझ्यासमोर पेनाने सही केली होती, त्या दिवशी ढोकळा होता ना. मुख्य फॉर्म त्यांनी मागाहून एकट्याने घरी सही केला. शिक्क्याची, टाइप केलेली किंवा यंत्राने उमटवलेली सही यूएससीआयएस घेत नाही, हे त्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. खोकं बंद करण्यापूर्वी सगळी पानं मीच शेवटची तपासली होती. निळी शाई, काकांचं वळण, बघितलं आणि पुढे गेले. सही इतकी सरळ आणि सुबक कशी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काका मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिक्का खिशातून काढला, टेबलवर ठेवला, त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "तीस हजारचा शिक्का!" मग हसायलाच लागले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नव्या आवृत्तीचा फॉर्म, नवी फी, आणि प्रत्येक पानाजवळ मी उभी, अशा थाटात अर्ज पुन्हा गेला. मे महिन्यात पावती आली.

मग बोटांचे ठसे. काका आणि मुलगा दहा मिनिटांत मोकळे. काकींचे ठसे यंत्राला वाचताच येईनात. तिथल्या मुलीने क्रीम लावून बघितलं, बोटं पुसून बघितली, शेवटी दुसरी तारीख दिली. पंचवीस वर्षं स्वतःच्या हातांनी मोटेलच्या चादरी धुतल्या, ब्लीचमध्ये हात घातले, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. काकी परतताना गाडीत हाताची बोटं उलटसुलट करून बघत होत्या. "अमेरिका बनवली या हातांनी, आणि त्यांना दिसत नाय," असं काहीसं गुजरातीत म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला कसेबसे आले.

नंतर नऊ महिने काहीच नाही. या काळात माझ्या सांगलीच्या मावसभावाला वास लागला की मी ग्रीन कार्डाच्या ऑफिसात काम करते. आठ लाख डॉलर दिले की मिळतं ना, हा त्याचा प्रश्न. त्याला समजावलं की भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणजे एका वर्षात आठ लाख पाठवायला घरातली चार डोकी लागतील. पैसा कुठून आला याचा माग शेवटच्या रुपयापर्यंत द्यावा लागतो. गुंतवणूक बुडायची जोखीम खरी असायला हवी, हमी दिली तर अर्जच बाद. आणि पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त. तो म्हणाला, "मग यापेक्षा द्राक्षबाग बरी." त्यालाही जोखीम काही कमी नाही, पण मी वाद घातला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आरएफई आली, म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्र. उत्तराला ८४ दिवस. उघडताना माझे हात गार पडले होते, पण वाचत गेले तशी मला त्या अनोळखी अधिकाऱ्याबद्दल आदरच वाटू लागला. त्याने किंवा तिने आमचं बाड खरोखर वाचलं होतं. टोरंटोच्या भावाचा वाटा काढताना त्याला दिलेले पैसे कुठून आले, हा एक प्रश्न. तो सोपा होता, बँकेचे उतारे जोडले. काउंट्यांबद्दल दोन शंका, त्या प्राध्यापकांनी एका दुपारी निकालात काढल्या. खरा घाव तिसऱ्या मुद्द्यात होता. पुस्तिकेत लिहिलं होतं की सेंटर दर तिमाहीला प्रकल्पाच्या खर्चाची तपासणी करेल. पत्रात विचारलं होतं: कोण करेल? कसं करेल? त्या व्यक्तीला याचा काय अनुभव आहे?

नमुन्यावरून उचललेलं वाक्य होतं ते. खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या प्रत्येक बांधकामाची बिलं, कंत्राटदाराची मागणी, बँकेचा उतारा आणि जागेवर झालेलं काम हे चार कागद शेजारी ठेवून मी दर महिन्याला तपासत आले आहे. प्लायवूडचं बिल दोनदा लावलेलं मीच पकडलं होतं. काका बाईंना म्हणाले, "हिचं नाव लिहा ना! सात वर्षं हीच करते."

बाई काही बोलल्या नाहीत. मीच म्हणाले, "काका, माझं नाव नाही लिहिता येत."

मग तोडगा असा निघाला. पैशासाठी बाहेरचा स्वतंत्र फंड ॲडमिनिस्ट्रेटर, कायद्यात ती सोय आहेच, म्हणजे त्याच्या मान्यतेवाचून गुंतवणूकदारांच्या खात्यातून डॉलर हलणार नाही. आणि सेंटरच्या बाजूने तपासणीची जबाबदारी मुलाची. आता त्याला ती खरोखर यायला हवी होती. सलग पाच शनिवार मी त्याला शिकवलं. पहिल्या शनिवारी तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तिसऱ्या शनिवारी जुन्या फायलीतलं ते प्लायवूडचं बिल मी मुद्दाम त्याच्यासमोर सरकवलं, काही न सांगता. वीस मिनिटांनी त्याने मान वर केली. "धिस वन इज हिअर ट्वाइस." त्यानंतर मला फार शिकवावं लागलं नाही. माझी पद्धत आम्ही पुस्तिकेत पायरी-पायरीने लिहिली: कुठला कागद आधी, कुठला नंतर, कुठे शंका घ्यायची, शंका आली तर कोणाला कळवायचं, आणि गुंतवणूकदाराला कधी कळवणं भाग आहे. आधीची नऊ पानांची पुस्तिका बत्तीस पानांची झाली. माझ्या हातचं बहुधा हे सगळ्यात चांगलं लिखाण असावं. कर्त्याच्या जागी सगळीकडे 'व्यवस्थापक'.

मान्यतेचं पत्र ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आलं. सोबत बजावणीही: मान्यता मिळाली म्हणजे तुमचा प्रकल्प चांगला, किंवा गुंतवणूकदाराचा अर्ज मंजूर होईल, असा अर्थ नाही. काकांनी ती ओळ वाचली नाही. ऑफिसात पेढे आले. टोरंटोला फोटो गेला आणि तिकडून फक्त अंगठा आला.

एक ऑक्टोबरला पहिलं बिल भरलं. वीस किंवा त्याहून कमी गुंतवणूकदार असलेल्या सेंटरला वर्षाला दहा हजार डॉलर सरकारच्या इंटेग्रिटी फंडात भरावे लागतात, गुंतवणूकदार शून्य असले तरी. "दुकान उघडलं नाही आनि हप्ता सुरू," काका म्हणाले. आता आय-९५६एफची तयारी चालू आहे. तो दाखल झाल्यावरच गुंतवणूकदारांना आपले अर्ज भरता येतील, आणि ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत जे अर्ज भरतील त्यांना पुढे कार्यक्रम बंद पडला तरी संरक्षण आहे. त्यामुळे कॅलेंडरवर पुन्हा एक लाल वर्तुळ आहे.

त्याआधी २९ डिसेंबरपर्यंत वार्षिक विवरण, आय-९५६जी. आकडे मी भरलेत, मुलाने तपासलेत, एक चूक त्याने काढली, ती माझी होती. सहीच्या पानावर मी पिवळी चिठ्ठी लावली आहे: 'काका, पेनाने.' रबरी शिक्का मात्र काकांनी टाकलेला नाही. तो त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, मान्यतेच्या पत्राच्या फ्रेमशेजारी.